पागेतली ज्येष्ठता यादी

"घोडा म्हणजे काय हो, शेवटी कर्मचारीच! फक्त पाय दोन जास्त आणि रजेचे अर्ज शून्य!"

हे वाक्य नानांनी पागेच्या फाटकात उभं राहून, पहिल्याच दिवशी, सकाळी आठ वाजता, छाती पुढे काढून म्हटलं. ऐकायला तिघंजण होते. एक नानांच्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे पागेची मालकीण. दुसरा घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार. आणि तिसरी एक पांढरी शेळी. मालकिणीनं कपाळाला हात लावला. मोतद्दारानं मिशीतल्या मिशीत काहीतरी गिळलं. शेळी मात्र नानांकडे बघतच राहिली, आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं.

आता नाना कोण, हे आधी सांगायला हवं. एका भल्यामोठ्या कचेरीत एकतीस वर्षं नानांनी एकच काम केलं. ज्येष्ठता यादी! कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली, कुणाची बढती आधी, कुणाची नंतर, सगळं नानांच्या यादीत. यादी फळ्यावर लागली की खाली ठरलेली ओळ असायची, 'हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.' एकतीस वर्षांत चारशे सहा हरकती आल्या आणि नानांनी त्यातल्या चारशे पाच फेटाळल्या. उरलेली एक मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याची होती, तेव्हा ते जाऊ द्या.

निवृत्तीच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली, सगळं झालं. पण जायच्या आधी नानांना शेवटची यादी टाइप करायची होती. एकोणिसाव्या क्रमांकावर नाना होते. ते नाव त्यांनी स्वतःच्या हातानं गाळलं आणि विसाव्याला वर सरकवलं. कागदावर फट म्हणून राहिली नाही हो! घरी आल्यावर कुणाला बोलले नाहीत, पण मनाला लागलं ते लागलंच.

आणि मग ते घरी बसले. बसले म्हणजे काय, घरावर बसले! चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांची ज्येष्ठता यादी केली. जो डबा आधी घरात आला तो वरच्या फळीवर. परिणाम असा की लग्नातला रिकामा पितळी डबा डोळ्यांसमोर आणि रोजचं मीठ पार माळ्यावर! नानांच्या बायकोनं स्टुलावर चढून मीठ काढलं, खाली उतरली, हात पुसले आणि थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, तुझ्या पागेला मॅनेजर हवा होता ना? घेऊन जा!"

"अगं, पण त्यांना घोड्यातलं काय कळतं?"

"घरातलं तरी काय कळतं? तू ने!"

ताईंनी नेलं, पण अट घालून. एक महिन्याची तात्पुरती नेमणूक. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पागा बघायला येणार होत्या. त्यांच्या मनात भरलं तर शाळेची चाळीस मुलं आठवड्यातून तीनदा घोड्यावर बसायला येणार. नाही भरलं, तर आठातली चार घोडी दुसरीकडे देऊन टाकावी लागणार.

"मुलांचे आई-वडील समोर बसलेले असतील, भाऊजी," ताई म्हणाल्या. "आठ घोडी, आठ मुलं, एका रांगेत मैदानाला एक फेरी. एकही घोडं उधळता कामा नये. जमलं तर तुम्ही कायम. नाही जमलं तर तुम्ही घरी."

घरी! नानांच्या डोळ्यांसमोर माळ्यावरचा मिठाचा डबा उभा राहिला. आणि डब्यामागे बायको.

"निश्चिंत राहा, ताई," नाना म्हणाले. "रांग ना? रांगेत आपला हात धरणारा कोणी नाही!"

लगेच कामाला लागले. पण पहिल्याच रकान्यात गाडी अडली. रुजू झाल्याची तारीख! आठ घोड्यांपैकी एकाचाही कागद सापडेना. ताई म्हणाल्या, कपाटात असतील. कपाटात फक्त जुने नाल निघाले. मग नानांनी निर्णय घेतला की उंचीप्रमाणे लावायचं. टेप घेऊन आठही घोडी मोजली. त्यात दोनदा पायावर खूर पडला, एकदा टेपच चावून तोडली गेली, पण यादी तयार झाली.

क्रमांक एक, बादशहा! काळाभोर, उंचापुरा, मान अशी की फोटोच काढावा. नुसता चालायला लागला तरी चारदा फुरफुरायचा, दोनदा दाराला लाथ मारायचा. नाना म्हणाले, "याला म्हणतात अधिकारी!" दोन नंबरला खारीक, चार नंबरला सरदार, सातव्याला वीज. आणि तळाला, आठव्या क्रमांकावर, गिड्डी. बुटकी, करडी, पोट सुटलेली, एका डोळ्यात फूल पडलेली म्हातारी घोडी. दिवसभर कोपऱ्यातल्या झाडाच्या सावलीत अर्धे डोळे मिटून उभी असायची. नानांना तिच्याकडे बघून कचेरीतल्या पेंगणाऱ्या कारकुनांची आठवण झाली.

यादी पागेच्या दाराला डकवली. खाली ओळ होतीच, 'हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.'

मोतद्दारानं चष्मा लावून यादी वाचली. हा माणूस बावीस वर्षं त्या पागेत होता आणि बावीस वर्षांत जेमतेम बावीस वाक्यं बोलला असेल. त्यातलं एक त्यानं त्या दिवशी खर्च केलं.

"नानासाहेब, कान बघा."

"कुणाचे?"

"घोड्यांचे."

"कानांची नोंद कुठल्या रकान्यात करू?" नानांनी विचारलं. मोतद्दार घोडी घासायचा खरारा घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चंदी यादीप्रमाणे! कुंपणाला ओळीनं आठ बादल्या टांगल्या, प्रत्येकीत दाणा मोजून घातलेला, प्रत्येकीवर खडूनं क्रमांक. नानांनी एकेका घोड्याला आपापल्या बादलीपाशी नेऊन उभं केलं, मागे सरले, हात कमरेवर ठेवले. काय दृश्य होतं! कचेरीत असं कधी जमलं नव्हतं.

आणि मग गिड्डीनं आठव्या बादलीतून तोंड वर काढलं. सावकाश, अगदी गुडघे दुखत असल्यासारखी, ती चालत चालत पहिल्या बादलीपाशी गेली. ना लाथ, ना चावा, ना आवाज. फक्त कान मागे टाकले.

बादशहा, तो अधिकारी, तो सरळ दोन पावलं मागे झाला आणि दुसऱ्या बादलीवर गेला! दुसऱ्या बादलीवरचा खारीक तिसरीवर गेला. तिसरीवरचा बिथरून पाचवीवर गेला. पाचवीवरचा सहावीवर, सहावीवरचा सातवीवर. सातवीवर होती वीज! तिनं सहावीवाल्याला असा चावा काढला की तो बादलीसकट कुंपण ओलांडायच्या बेतात आला. दाणा उडाला, बादल्या वाजल्या, बिनबादलीचं एक घोडं नानांच्या अंगावर आलं आणि नाना धावत धावत शेळीच्या गोठ्यात जाऊन पडले.

शेळीनं त्यांच्याकडे बघितलं. नानांनी तिची जागा सोडली.

"बेशिस्त!" नाना कपडे झटकत ओरडले. "निव्वळ बेशिस्त! त्या गिड्डीला उद्यापासून वेगळं बांधा!"

गिड्डीला वेगळं बांधलं. मग तर कमालच झाली. उरलेली सातही घोडी दाण्याला तोंड लावेनात! गिड्डी बांधली होती त्या दिशेला माना करून उभी! बादशहा तर असा खिंकाळत होता की आई हरवलेलं पोर बरं.

ताई तिकडून हे बघत होत्या. "भाऊजी, जमतंय ना?"

"सुरुवातीला थोडा विरोध होतोच, ताई! यादी बदलली की कचेरीतही असंच व्हायचं!"

असे तीन आठवडे गेले. रविवार पाच दिवसांवर आला तेव्हा ताईंनी रंगीत तालीम ठेवली. त्यांच्याकडे शिकणारे जुने स्वार बोलावले. सगळ्यात पुढे बादशहावर स्वतः ताई. शेवटी गिड्डी, तिच्यासोबत पायी मोतद्दार. आणि मध्ये चौथ्या क्रमांकावर, सरदारच्या पाठीवर, जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलेले नाना! "वरिष्ठांनी प्रत्यक्ष पाहणी केली पाहिजे," असं ते म्हणाले होते. खाली बघितल्यावर आपण म्हणालो ते चुकलं असं त्यांना वाटलं, पण तोवर ताईंनी "चला!" म्हटलं होतं.

बादशहा दहा पावलं चालला आणि थांबला. मान वळवून मागे बघायला लागला. ताईंनी टाच मारली, चुचकारलं, ओरडल्या. हलायला तयार नाही! पुढे कोणी नाही, हे बघून त्या अधिकाऱ्याचे पाय लटपटत होते हो! तिकडे दोन नंबरचा खारीक सात नंबरच्या विजेला हाका मारत होता, वीज मध्ये येणाऱ्या प्रत्येकाला चावत होती. मग गिड्डीनं एक सुस्कारा टाकला. मोतद्दारानं दोर सोडून दिला, म्हणजे सोडून द्यायलाच हवा होता म्हणा. गिड्डी कान मागे टाकून रांगेच्या कडेनं पुढे निघाली आणि ज्याच्या शेजारून ती जाई, तो घोडा बाजूला होई.

सरदारही झाला. पण तो इतक्या अदबीनं आणि इतक्या झटकन झाला की नाना जिथे होते तिथेच राहिले. हवेत! एक क्षणभर सरदारशिवायच त्यांनी घोडेस्वारी केली आणि मग थेट घोड्यांच्या पाण्याच्या हौदात!

बाहेर निघाले तेव्हा समोर ताई उभ्या होत्या.

"भाऊजी, चार दिवस उरलेत," त्या शांतपणे म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "ही घोडी मी लेकरांसारखी वाढवलीत. त्यातली चार मला दुसऱ्याच्या दारात सोडायची नाहीत."

त्या संध्याकाळी नाना घरी आले, कपडे बदलले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. एवढ्यात बायको वर्तमानपत्र घेऊन आली. खुर्चीजवळ उभी राहिली. काही बोलली नाही, फक्त नानांकडे बघितलं.

नाना उठले आणि स्टुलावर जाऊन बसले. बायको खुर्चीत बसली आणि पेपर उघडला.

आणि स्टुलावर बसल्याबसल्या नानांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! ते ताडकन उभे राहिले.

"अगं, तू आत्ता काय केलंस?"

"पेपर उघडला."

"त्याच्या आधी! तू मला उठवलंस!"

"मी? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तेच! तेच तर! तोंड उघडलं नाहीस! नुसते कान... म्हणजे कान नाही, नुसती नजर! आणि मी हललो! कोण कुणासाठी हलतं, तेच खरं! उंची गेली खड्ड्यात!"

बायकोनं पेपर खाली केला. "आपल्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. तुम्हाला आज कळलं?"

पण नाना ऐकतच नव्हते. त्यांना कचेरी आठवत होती. अभिलेख खोलीची किल्ली ज्याच्याकडे असायची, तो म्हातारा शिपाई! यादीत त्रेचाळिसावा. शेवटचा! आणि तो केबिनमध्ये आला की साहेब स्वतः अर्धे उठून "बसा ना, बसा" म्हणायचे. सगळी कचेरी त्याच्या तालावर चालायची. एकतीस वर्षं नानांनी यादी केली आणि एकतीस वर्षं ती यादी चुकीची होती! या विचारानं माणूस खचला असता. नानांना मात्र इतका आनंद झाला की त्यांनी त्याच भरात माळ्यावरचा मिठाचा डबा खाली आणून ओट्यावर ठेवला. बायकोनं तो बघितला आणि हळूच पदर तोंडाला लावला. हसू आवरत होती की आणखी काही, हे नानांना विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाना मैदानाच्या कडेला हजर. एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसले, वही उघडली. रकाने तीन. 'कोण आलं', 'कोण हललं' आणि 'कान'.

मोतद्दार मागून येऊन वहीत डोकावला. "आता कसं!" म्हणाला.

दोन दिवस नाना तिथेच. आणि काय काय दिसलं म्हणून सांगू! बादशहा दिवसभर आदळआपट करायचा, पण त्याच्यासाठी हलायचं कोण? फक्त दोन घोडी. आठात सहावा! ज्याच्यासाठी कोणी हलत नाही त्यालाच एवढा आवाज करावा लागतो, हे नानांनी समासात लिहून ठेवलं आणि दोन साहेबांची आठवण झाली म्हणून त्याखाली रेघ मारली. दुसऱ्या क्रमांकावर वीज. तिच्यासाठी सगळे हलायचे, पण तिच्यामागे चालायचं कोणी नाही, कारण चावते! एक खारीक सोडून. ही दोघं तासन्‌तास समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या मानेचा वरचा भाग दातांनी खाजवत बसायची. त्यांना लांब ठेवलं की दोघंही वेडीपिशी.

"म्हणजे दरारा वेगळा आणि मागे चालणं वेगळं," नाना म्हणाले.

"हं," मोतद्दार म्हणाला.

"आणि गिड्डीकडे दोन्ही आहे!"

"सगळी हिच्या समोर मोठी झाली," मोतद्दार म्हणाला. "वादळ झालं तर अजून हिच्याच मागे जाऊन उभी राहतात." एकाच दमात दोन वाक्यं! नानांना गहिवरून आलं. त्यांनी वहीत चौथा रकाना आखला, 'कुणामागे कोण निमूट चालतं'.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट घडली, ती नानांच्या लक्षातही आली नाही. शेळी आली. बादलीजवळ उभी राहिली. नाना वहीत लिहीत लिहीत उठले आणि शेजारच्या गवताच्या पोत्यावर बसले. शेळी बादलीवर चढली. दुपारी शेळी पोत्यापाशी आली. नाना पोत्यावरून उठून जमिनीवर बसले. शेळी पोत्यावर चढली. मोतद्दार लांबून बघत होता.

रविवार उजाडला. पालक आले, आठ मुलं आली, नानांची बायको आली आणि मुख्याध्यापिका आल्या. बाईंचा दरारा असा की त्यांनी फाटकातून नुसतं आत बघितलं आणि गप्पा मारणारे सगळे बाप सरळ उभे राहिले. नानांनी त्यांच्यासाठी मुद्दाम मोठी खुर्ची ठेवली होती. कुठे? तर मैदानातल्या एकुलत्या एका झाडाखाली, मस्त सावलीत! पाहुण्यांना ऊन लागायला नको, एवढाच त्यांचा विचार.

रांग लागली. पुढे गिड्डी, तिच्यावर सगळ्यात लहान मुलगी. मागे वीज, तिच्यामागे खारीक, मग सरदार आणि असं करत सहावा बादशहा. बाईंच्या भुवया वर गेल्या.

"हे काय? ती म्हातारी घोडी पुढे? आणि हा देखणा घोडा मागे? नाही नाही. मोठा पुढे घ्या. शाळेचं काम आहे, जरा शोभा नको का?"

ताईंनी नानांना डोळ्यांनी खुणावलं, घ्या, घ्या! पालक बघायला लागले. नाना गिड्डीच्या दिशेनं दोन पावलं निघालेसुद्धा. उभ्या जन्मात त्यांनी वरिष्ठांना नाही म्हटलेलं नव्हतं. साहेबांच्या मेव्हण्याची हरकतसुद्धा मान्य केली होती! पण त्यांनी गिड्डीकडे बघितलं. पाठीवर चिमुरडं घेऊन ती अर्धे डोळे मिटून उभी होती आणि मागची सातही घोडी चूप होती.

"बाई," नाना म्हणाले. आवाज चिरकला. खाकरून पुन्हा म्हणाले, "बाई, ही यादी अंतिम आहे."

"काय?"

"हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. पण आज रांग अशीच जाईल. आठ लेकरं बसलीत वर. शोभेसाठी मी एकालाही पाडणार नाही!"

ताईंनी डोळे मिटून घेतले. बाई नानांकडे बघत राहिल्या आणि मग खुर्चीत बसल्या. "घ्या फेरी," म्हणाल्या.

मोतद्दारानं जीभ टाळूला लावून टक्‌ केलं. गिड्डी निघाली. मागे वीज, मागे खारीक, मागे सगळी. काय ती रांग! ना फुरफुर, ना धक्काबुक्की, ना एक कान वाकडा! मुलं हसायला लागली, आयांनी पदर आणि पर्स घट्ट धरलेले हात सैल सोडले. बादशहासुद्धा, पुढे पाच पाठी दिसतात म्हटल्यावर, शाळकरी पोरासारखा निमूट चालत होता. नानांची छाती इंचाइंचानं वर यायला लागली. पाऊण फेरी झाली. आता वळण आणि मग शेवट!

आणि गिड्डी वळणावर वळलीच नाही. ती सरळ झाडाकडे निघाली.

तेव्हा नानांना आठवलं. झाडाची सावली! गिड्डीची जागा! वर्षानुवर्षांची! आणि तिथे आज मुख्याध्यापिका!

"अरे देवा!" नाना पुटपुटले. "मीच ठेवली खुर्ची! मीच!"

गिड्डी खुर्चीपुढे दोन हातांवर थांबली. मागे सात घोडी थांबली. बाईंनी गिड्डीकडे बघितलं, शाळेतल्या सातशे मुलांकडे बघतात तसं. गिड्डीनं बाईंकडे बघितलं, एका डोळ्यानं.

गिड्डीनं कान मागे टाकले.

एक क्षण गेला. दुसरा गेला. आणि मुख्याध्यापिका उठल्या! स्वतःच्या हातानं खुर्ची उचलली, चार पावलं उन्हात नेऊन ठेवली आणि बसल्या. गिड्डी सावलीत शिरली, कान सैल सोडले, डोळे अर्धे मिटले. मागची घोडी आपापल्या जागी शांत उभी राहिली आणि वरची आठही मुलं टाळ्या वाजवायला लागली.

कुणी हसेना. बाईंच्या पुढ्यात हसणार कोण? ताईंचा चेहरा पांढराफटक. चार घोडी गेली, नाना घरी, सगळं संपलं!

"बावीस वर्षं," बाई अखेर म्हणाल्या, "बावीस वर्षं मला कुणी खुर्चीवरून उठवलेलं नाही. शिक्षण खात्यानंसुद्धा नाही!" आणि त्या अशा काही हसायला लागल्या की रुमाल काढावा लागला. "किती वर्षांची आहे ही?"

"सत्तावीस, बाई," मोतद्दार म्हणाला.

"लाथ मारते?"

"कधीच नाही. गरजच पडत नाही."

बाईंनी डोळे पुसले. "मला हिच्याकडून थोडं शिकायला हवं. चाळीसच्या चाळीस मुलं पाठवते. पण रांग अशीच. ही पुढे!" मग नानांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही मला नाही म्हणालात, ते बरं केलंत."

काय सांगू त्या माणसाची अवस्था! पालक हात मिळवायला धावले, मुलांनी गिड्डीला मिठ्या मारल्या. ताईंनी बादशहाच्या गळ्यात हात टाकून रडून घेतलं आणि मग सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊजी, आजपासून तुम्ही कायम!" नानांच्या बायकोनं तर चक्क नवऱ्याच्या शर्टावरचं गवत झटकलं. लोकांदेखत! "छान केलंत हो," म्हणाली. नानांना निवृत्तीच्या दिवशीचे सगळे हार एकदम फिके वाटले.

सगळे पांगल्यावर नाना डुलत डुलत दाराशी आले. तिथे नवीन यादी लावलेली होती, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. एक गिड्डी, दोन वीज, तीन खारीक, असे आठ. पण खाली आणखी काहीतरी लिहिलेलं दिसलं. मोतद्दाराचं गिचमिड अक्षर.

नानांनी चष्मा लावला. यादीत 'नाना' असा शब्द होता! महिनाभर, म्हणजे खरं तर निवृत्तीपासून, ज्या माणसाचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं, त्याचं नाव होतं! नानांचे डोळे भरून आले. भरलेल्या डोळ्यांनी त्यांनी क्रमांक वाचला, आणि डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

'९. शेळी. १०. नाना.'

"मोतद्दार!" नाना गरजले. "ही काय थट्टा आहे? शेळीच्या खाली? मी? मी आता कायम आहे! माझी हरकत आहे! लेखी!"

मोतद्दार शांतपणे आला. हातात नानांचीच वही. त्यानं ती उघडून दाखवली. शेवटच्या पानावर त्यानं स्वतः नोंदी केल्या होत्या. 'कोण आलं', शेळी. 'कोण हललं', नाना. बादली, पोतं, गोठा. तारीख आणि वेळेसकट!

"योगायोग!" नाना म्हणाले. "पुरावा म्हणून ग्राह्य नाही!"

ते तरातरा कचेरीवजा खोलीत गेले, टेबलाशी बसले, कोरा कागद ओढला आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'विषय: ज्येष्ठता यादीतील क्रमांक दहाबाबत हरकत.' चांगला तीन मुद्द्यांचा अर्ज डोक्यात तयार होता. पहिला मुद्दा लिहायला घेतला, तेवढ्यात दारात टप टप खूर वाजले. शेळी आत आली. टेबलाजवळ उभी राहिली. काही बोलली नाही.

नाना कागद-पेन घेऊन उठले आणि उभ्याउभ्याच पुढचं लिहायला लागले.

शेळी खुर्चीवर चढून बसली.

दारातून मोतद्दाराचा आवाज आला, "हरकत फेटाळली."